वास्तूचा वास

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यांनीं प्रथम म्हटली, त्यांच्या काळीं घरें बांधलीं जात, भावाभावांत वांटलीं जात, प्रसंगीं गहाणहि पडत. परंतु राहतें घर झाडूनपुसून परक्या माणसांना दाखवावयास काढण्याचा योग क्वचितच येई. म्हणून ‘घर पाहावें विकून’ हा तिसरा चरण त्या म्हणीस कोणीं जोडला नसावा. तो जोडावयास हरकत नाहीं, असें आमच्या मामांच्या घराच्या विक्रीच्या वेळीं आम्हांस वाटलें. त्या विक्रींत पैशाहून, कागदपत्रांहून, फार काय दलालाहूनहि ज्या गोष्टीनें आम्हांस अधिक छळलें, ती गोष्ट म्हणजे घराचा वास.

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला सरकारदरबारीं औरंगाबाद म्हणत त्या शहराहून, पुण्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. तिच्या पोटांत बजाजनगर ही राहत्या घरांची वस्ती आहे. ५ नोव्हेंबर १९८५ रोजीं तत्कालीन राष्ट्रपति ग्यानी झैलसिंग यांच्या हस्तें बजाज ऑटोच्या वाळूज येथील कारखान्याचें उद्घाटन झालें. त्याच्या मागोमाग लहानमोठे कारखाने आले, आणि मराठवाड्याच्या गांवोगांवचीं माणसें पोटामागें येऊन येथें स्थायिक झालीं. आमचे मामा पैठणाहून आले. वाड्यांतील दोन अंधाऱ्या खोल्या सोडून त्यांनीं येथें एक रो-हाऊस घेतलें. पुढें दोन मुलांचीं लग्नें झालीं, चार नातवंडें झालीं, आणि आमची आजी धरून अकरा माणसें त्या घरांत भांडत, हसत, एकमेकांच्या अंगावरून पाय टाकीत नांदलीं. मग जें सर्वत्र होतें तेंच झालें. मुलें नोकरीसाठीं पुण्यास गेलीं, आजी गेली, मामांच्या गुडघ्यांनीं जिन्याशीं असहकार पुकारला, आणि घरास कुलूप लागलें. चौदा महिन्यांनीं, मध्यें एक कडक उन्हाळा आणि एक पुरा पावसाळा जाऊन, तें विकावयाचें ठरलें.

घर पाहावयास पहिलें कुटुंब आलें तें चार मिनिटांत गेलें. दुसऱ्या कुटुंबांतील बाईंनीं माजघरांत पदर नाकाशीं नेला व तो गच्चीवर जाईपर्यंत खालीं घेतला नाहीं. तिसऱ्या गृहस्थांनीं मात्र प्रामाणिकपणें सांगून टाकलें, “काका, घर चांगलंय हो, पण आत कसला तरी वास येतोय.” मामींना हें फार लागलें. ज्या बाईनें तीस वर्षें पहांटे उठून सडासंमार्जन केलें, जिच्या ओट्यावर दुपारीं दोनच्या पुढें खरकटें भांडें कोणी पाहिलें नाहीं, तिच्या घरास वास येतो असें परक्यानें म्हणावें! त्या रविवारीं आम्ही गेलों तेव्हां त्यांनीं दारांतच विचारलें, “खरं सांग हं, येतो का रे वास?”

दारांत पाऊल टाकतांच आम्हांस तो आला होता. परंतु चहा होऊन कप हातांत येईपर्यंत तो नाहींसा झाला. आणि मामींना तर तो मुळींच येत नव्हता. या सर्व प्रकरणाची गोम येथें आहे. मनुष्याच्या नाकांत सुमारें ४०० प्रकारचे गंधग्राहक असतात. त्यांची कुळी शोधून काढल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांस २००४ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. हें नाक कांहीं निवांत बसून वासांची नोंद ठेवणारा कारकून नव्हे. तें पहारेकरी आहे. नवा वास आला कीं तें ओरडतें, आणि तोच वास कांहीं मिनिटें टिकला कीं ‘हा घरचाच’ असें समजून गप्प बसतें. म्हणून ज्या घरांत आपण राहतों त्याचा वास आपल्याला कधींच कळत नाहीं. तो फक्त पाहुण्याला कळतो, आणि पाहुणा सभ्य असला तर तो सांगत नाहीं. घर विकावयास काढणाऱ्यानें निदान अर्धा तास बाहेर मोकळ्या हवेंत हिंडून मग आंत यावें व पहिल्या दहा श्वासांत जें कळेल तें कागदावर टिपून घ्यावें. त्याहून उत्तम म्हणजे शेजारचें सातआठ वर्षांचें मूल बोलवावें. त्याला भीडभाड नसते.

येथें एक गोष्ट स्वतःविषयीं सांगणें प्राप्त आहे. आमच्या मंडळींत घर भाड्यानें किंवा विकत घेतांना जिन्यांतच नाक मुरडून “इथं मासळी शिजते वाटतं” असें म्हणण्याची एक जुनी खोड आहे, व ती आम्हांसहि आहे. त्या पदर लावणाऱ्या बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, हें पुढें दलालाकडून कळलें. त्यांना आमच्या मामांच्या सोवळ्या घरांत कसला वास आला असेल? हिंगाचा. तीस वर्षें रोज दोन वेळां तापलेल्या तेलांत पडलेल्या हिंगाचा. ज्या हिंगाशिवाय आमटीस आमटीपण येत नाहीं, तो गंधकयुक्त द्रव्यांनीं भरलेला एक उग्र चीक आहे. पिढ्यान् पिढ्या तो अफगाणिस्तानाकडून आला. आपल्या देशांत त्याचीं रोपें लावण्याचा संघटित प्रयत्न हिमाचल प्रदेशांतील लाहौलच्या खोऱ्यांत २०२० सालीं सुरू झाला. आपणांस तो घराचा प्राण वाटतो. ज्यांच्या घरीं तो नसतो त्यांस तो भिंतींतून आलेला वाटतो. दोघांचींहि नाकें खरीं बोलतात. वासावरून माणसाचा आचार आणि आचारावरून त्याची योग्यता ठरविण्याची सवय किती लंगडी आहे, हें आपलें स्वतःचें घर विकावयास काढल्यावांचून कळत नाहीं, असें दिसतें.

दलाल मोठा अनुभवी. तो म्हणाला, “लोक यायच्या आधी अर्धा तास दोन उदबत्त्या लावा, कापूर जाळा, आणि हा फवारा मारा.” त्याप्रमाणें केलें. परिणाम असा झाला कीं घरांत हिंगाबरोबर मोगराहि नांदूं लागला, आणि ओलें पोतेरें गजऱ्यांत गुंडाळून ठेवावें तसें वाटूं लागलें. सुगंध करण्याचें शास्त्र आपल्याकडे उणें नव्हतें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४५ सालीं ‘गंधवाद’ नांवाच्या एका दुर्मिळ हस्तलिखितावर विस्तृत लेख लिहिला. त्या ग्रंथावर चक्क मराठी टीका असून तिचा काळ गोड्यांनीं इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान धरला आहे. म्हणजे सुगंध कसे करावे हें मराठींत वाचणारा रसिक त्या काळींहि होता! परंतु दुर्गंध घालविण्याची विद्या ही पोथ्यांपेक्षां आज्यांच्या हातांत अधिक होती, आणि तिचीं साधनें चारच : ऊन, राख, चुना व वाहतें पाणी. या दोन विद्या एक नव्हेत. लंडनमध्यें १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्स नदीस अशी दुर्गंधी सुटली कीं पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यांत भिजवून टांगावे लागले. पडद्यांनीं कांहीं झालें नाहीं. शेवटीं त्याच पार्लमेंटनें जमिनीखालून गटारें बांधावयास पैसा मंजूर केला. मामांचें घर म्हणजे कांहीं लंडन नव्हे. पण आम्हींहि पडदे सोडून गटाराकडे वळावयाचें ठरविलें.

शब्दशः गटाराकडेच वळावें लागलें. घरांतील निम्मा वास कोठून येत होता हें ऐकून वाचकांस हसूं येईल : तो कोरड्या पडलेल्या मोऱ्यांतून येत होता. न्हाणीघरांतील जाळीखालीं जें वळणदार भांडें बसविलेलें असतें, त्यांत नेहमीं बोटभर, दोन बोटें पाणी सांठून राहतें. हें पाणी म्हणजे घर आणि गटार यांमधील दार. नळाला असें वळण देऊन पाण्याचें कुलूप घालण्याच्या युक्तीचें पेटंट अलेक्झांडर कमिंग नांवाच्या एका घड्याळजीनें इंग्लंडांत १७७५ सालीं घेतलें. आणि गंमत अशी कीं हिंदुस्थानभर इंग्रजींतून लिहिणारे इंजिनियरसुद्धां त्या भांड्यास आजहि ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचा एवढा गौरव दुसऱ्या कोणत्या शास्त्रानें केला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. असो. रोज अकरा माणसें जेथें स्नान करतात तेथें हें दार आपोआप भरलेलें राहतें. पण कुलूप लावलेल्या घरांत, मराठवाड्याच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत, तें पाणी उडून जावयास फार आठवडे लागत नाहींत. मग गटारांतील वायु, ज्यांत कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो, तो सरळ माजघरांत येतो.

आम्हीं चारहि मोऱ्यांच्या जाळ्या काढल्या, केसांचा व साबणाचा जुना गाळ हातमोजे घालून उपसला, आणि प्रत्येकींत एकेक बादली पाणी ओतलें. खिडक्या उघड्या ठेवल्या. सायंकाळीं शेजारच्या मुलास पुन्हां बोलाविलें. त्यानें सांगितलें, “सकाळी होता तसला नाही. आता दुसराच आहे.” निम्मा विजय झाला, आणि तो चार बादल्या पाण्यांत! घर पुन्हां महिना-दोन महिने बंद राहावयाचें असल्यास त्या पाण्यावर चमचाभर गोडें तेल सोडावें. तेलाचा पातळ थर पाण्याची वाफ होऊं देत नाहीं. स्वयंपाकघरांतील सिंकचा नळ आमच्या मिस्त्रीनें कधीं काळीं वळण न देतां तसाच गटारांत खुपसला होता, तेंहि या निमित्तानें उघडकीस आलें. हें पुष्कळ घरांत असतें. ओट्याखालीं वांकून एकवार पाहावें.

‘दुसराच’ जो वास उरला, तो स्वयंपाकघराचा. फोडणीचें तेल तापतें तेव्हां त्याचे सूक्ष्म कण वाफेबरोबर वर उडतात आणि पंख्याच्या पातींवर, ट्यूबवर, फडताळांच्या माथ्यावर, भिंतीच्या वरच्या पट्टीवर बसतात. तेथें हवेच्या संयोगानें त्यांचा चिकट, पिंवळट रोगण बनतो, आणि त्यांत हिंग, हळद, तिखट, धूर हीं सर्व अडकून राहतात. उष्ण दिवशीं तीं पुन्हां सुटतात. मामींचा ओटा आरशासारखा होता. पण ओट्यावरच्या फडताळाच्या डोक्यावर हात फिरविला तों तळहात चिकटून बसला. हात पोंचत नाहीं तेथें स्वच्छतेचा कायदाहि पोंचत नाहीं! रंगारी म्हणाला, वरून रंग मारून टाकूं. तसें कधींहि करूं नये. तेलकटावर रंग धरत नाहीं. धरलाच तर पहिल्या उन्हाळ्यांत वास त्याच्यामधून बाहेर येतो. कोमट पाण्यांत धुण्याचा सोडा घालून तें पाणी लावावें, दहा मिनिटें ठेवावें, व पुसून घ्यावें. सोडा चरबीचा साबण करतो, आणि मग तोच साबण मळ घेऊन निघून जातो. हातमोजे अवश्य घालावे, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना किंवा चौकटींना हें पाणी लावूं नये, तीं काळीं पडतात. आम्हांस यास दोन दिवस व चार फडकीं लागलीं. पंखा खालीं उतरविला तेव्हां तो मूळचा पांढरा होता हें मामांना आठवलें.

देवघराची फळी मामींनीं कोणाला पुसूं दिली नाहीं. देव पूर्वींच पुण्यास गेले होते. राहिली होती ती निरांजनाची काजळी आणि लाकडांत मुरलेलें तूप. त्या स्टुलावर चढून एकट्याच पुसत बसल्या.

खिडकींतला कूलर हा तर संभाजीनगरच्या उन्हाळ्याचा राजा. पण त्याच्या टांकींत गेल्या वर्षींचें पाणी तसेंच आटून शेवाळलें होतें व गवताच्या पट्ट्या कुजल्या होत्या. त्या फेंकून दिल्या. कपाटांतील डांबराच्या गोळ्या काढल्या, कारण त्या कीड मारतात हें खरें असलें तरी गिऱ्हाइकासहि पळवितात. कपाटें दारें उघडून उन्हाच्या बाजूस ठेवलीं. वसाहतींतून वारा कधीं कधीं जे वास आणतो, त्यांस उपाय नाहीं. ते शेजाऱ्यांसहि येतात आणि घेणाऱ्यासहि ठाऊक असतात.

आतां आजीच्या खोलीकडे वळणें भाग आहे. आमची आजी शेवटचीं दोन वर्षें खाटेवर होती. मामींनीं तिची जी सेवा केली ती आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. परंतु सेवेनें कांहीं लघवीचे रासायनिक गुणधर्म बदलत नाहींत. ती शहाबादी फरशीच्या सांध्यांत, खाटेच्या लाकडांत आणि कापसाच्या गादींत मुरते. तींतील यूरियापासून सूक्ष्म जंतु अमोनिया करतात. आणि पावसाळ्यांत हवा दमट झाली कीं जुना वास नव्यानें उठतो. ज्या घरांत वृद्ध माणूस अंथरुणावर होतें, अशा बहुतेक घरांत हा वास थोडाफार असतो. त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं, पण तो नाहीं असें म्हणण्यांतहि अर्थ नाहीं. या खोलींत दोन चुका टाळाव्या. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा मोरीचें ॲसिड घालूं नये, दगड खाल्ला जातो आणि वास अधिकच मुरतो. आणि लघवी मुरलेल्या जागीं ब्लीचिंग पावडर टाकूं नये. अमोनिया व क्लोरिन यांच्या संयोगानें विषारी वायु निघतो. ॲसिड आणि ब्लीचिंग हीं तर कधींच एकत्र करूं नयेत. बंद न्हाणीघरांत तो प्रयोग जिवावर बेततो. कुत्रीं पाळणाऱ्यांसाठीं विकतात तें एन्झाइमचें द्रावण आणून आम्हीं तें फरशीवर व सांध्यांत ओतलें, रात्रभर ओलें ठेवलें, दुसऱ्या दिवशीं पुन्हां ओतलें. सांध्यांतील जुनें सिमेंट खरवडून नवें भरलें. गादी टाकून दिली. गोधड्या गच्चीवर चार दिवस कडक उन्हांत उलटसुलट केल्या.

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं मामी त्या खोलींत गेल्या आणि दाराशींच थांबल्या. आम्हांस वाटलें, कांहीं राहिलें असावें. त्या म्हणाल्या, “आता हे कुणाचंच घर नाही.” आम्ही कांहीं बोललों नाहीं. नाकाकडून येणारी वार्ता इतर इंद्रियांच्या वार्तेप्रमाणें वाटेंतील चौकीवर आधीं थांबत नाहीं, ती मेंदूच्या भावना व स्मृति सांभाळणाऱ्या भागांत जवळजवळ थेट जाऊन पोंचते, असें शरीरशास्त्रज्ञ सांगतात. आजीच्या गोधड्यांपैकीं एक मामींनीं उन्हांत घातली नव्हती. ती त्यांच्या पुण्याच्या बॅगेंत गेली, हें आम्हांस मागाहून कळलें.

सर्वांत शेवटचा व सर्वांत अवघड वास कोठीच्या खोलीचा. तो वाईट म्हणावा असाहि नव्हता. पहिल्या पावसाच्या मातीसारखा होता. या मातीच्या वासास १९६४ सालीं बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनीं ऑस्ट्रेलियांत ‘पेट्रिकोर’ असें नांव दिलें. त्यांतील जिओस्मिन नांवाचें द्रव्य आपलें नाक अब्जांश भागाहूनहि कमी असलें तरी ओळखतें. कनौजचे गंधी तर भाजल्या मातीपासून या वासाचें अत्तर काढतात आणि लोक तें पैसे देऊन घेतात. तोच वास भिंतींतून आला कीं घराची किंमत उतरते, कारण तो बुरशीचा, म्हणजेच ओलीचा, निरोप असतो. कोठीची भिंत न्हाणीघरास लागून होती. पत्र्याच्या डब्यांची उतरंड हलविली तेव्हां मागें कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा फुटलेला दिसला, आणि कोपऱ्यांत काळे ठिपके.

रंगाऱ्यानें दोन तासांचें काम सांगितलें : खरवडायचें, जलरोधक लांबी भरायची, वर रंग. दोन पावसाळे तरी दिसणार नाहीं, अशी हमीहि दिली. दोन पावसाळे! तोंवर घर दुसऱ्याचें झालेलें असणार. पुण्याहून धाकट्या मुलाचा फोन आला. त्याचें म्हणणें असें कीं सगळेच असें करतात, आणि सांगितलें तर लाख-दोन लाखांची किंमत पडेल. त्याचें अगदींच चुकीचें नव्हतें. त्याच्या डोक्यावर हप्ते होते, आणि मामांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया त्याच पैशांतून व्हावयाची होती. दोन दिवस घरांत कोणी कोणाशीं नीट बोललें नाहीं.

कायदा या बाबतींत काय म्हणतो तें आम्हीं काढून पाहिलें. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याचें ५५ वें कलम असें सांगतें कीं करारांत उलट कांहीं ठरलेलें नसेल तर, मालमत्तेंतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाहीं, आणि साधारण काळजीनें पाहूनहि जो त्याच्या ध्यानांत येण्यासारखा नाहीं, तो विकणाऱ्यानें सांगितलाच पाहिजे. न सांगणें हें कपट समजलें जातें. मोरींत पाणी ओतणें, पंखा धुणें, गोधडी उन्हांत घालणें, यांत वासाचें कारणच जातें. लांबी भरणें यांत कारण राहतें आणि साक्षीदार तेवढा मारला जातो. ही रेघ आम्हांस इतकी स्पष्ट पूर्वीं कधीं दिसली नव्हती. मामांना कलमाची गरज लागली नाहीं. ते म्हणाले, “भिंत फोडा. आणि येईल त्याला सांगून टाका. माझ्या नावानं कुणी पावसाळ्यात बोटं मोडायला नकोत.”

भिंत फोडली. न्हाणीघरांतील नळाचा एक सांधा थेंब थेंब गळत होता, किती वर्षें कोण जाणे. तो बदलला. भिंत उघडी ठेवून खिडकींत पंखा लावला. पण ओली भिंत दिवसांत नव्हे, महिन्यांत वाळते. वाळल्यावर तिला गिलावा करून आंतून साधा चुना लावला. चुन्यास आज कोणी विचारीत नाहीं, तरी कोठीसारख्या खोलीस तोच बरा. तो अत्यंत क्षारयुक्त असल्यानें बुरशीस थारा देत नाहीं, हवेंतील कर्बद्विप्राणिल घेऊन हळुहळू दगड बनतो, आणि भिंतीस आंतली ओल बाहेर टाकूं देतो. मात्र तेलरंगावर किंवा डिस्टेंपरवर तो बसत नाहीं. आधीं जुना रंग पूर्ण उतरवावा लागतो.

चौथें कुटुंब दिवाळीनंतर आलें. नवरा वाळूजच्याच एका कारखान्यांत, माणसें बीड जिल्ह्यांतील, बरोबर त्याची आई आणि दोन मुली. मामांनीं त्यांस प्रथम कोठींत नेलें, भिंत दाखविली, काढलेला गळका सांधा कागदांत गुंडाळून ठेवला होता तोहि दाखविला. त्या गृहस्थानें भिंतीवर तळहात टेंकून बराच वेळ धरला. त्याच्या आईनें आमच्या देखत भिंतीला नाक लावलें. मग घासाघीस झाली, आणि मुलानें भीति घातली होती त्याच्या साधारण निम्म्यानें किंमत खालीं आली. तो अजून म्हणतो कीं एवढेंहि यावयास नको होतें, आणि मामा त्यावर कांहीं बोलत नाहींत.

किल्ल्या देण्याच्या दिवशीं मामींनीं नव्या गृहिणीस मोऱ्या दाखविल्या. म्हणाल्या, “उन्हाळ्यात गावाकडं गेलात ना, तर जाताना चारही मोऱ्यांत पाणी ओतून जा. वर चमचाभर तेल सोडा.”

“कुठलं तेल, काकू? गोडं?”

“गोडंच,” मामी म्हणाल्या. “नुसतं. हिंग घालू नका.”